रविवारची हजामत



आमच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो पगारवाढीवर बोलणार, बोनसवर बोलणार, फार तर एखाद्या संपाची कथा सांगणार, अशी आपली अपेक्षा. त्याऐवजी आम्ही हजामत, आंघोळ, साबण आणि बागेतली हिरवळ असला घरगुती विषय घेऊन आलो आहोत. हा इतिहास आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच आजच्या भाषणाचे काम आहे.

आम्ही कॉलेजात गेलो नाही. जे काही वाचले ते करवीर नगर वाचन मंदिरात, कारखान्याची पाळी संपवून. १८५० साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात आम्ही राजांचे इतिहास वाचले, लढायांचे वाचले, पुढे कामगार कायद्यांचेही वाचले. परंतु आमचे वडील सकाळी किती वाजता दाढी करीत, ती का करीत आणि आठवड्यातून एकदाच का करीत, हे कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. ते आम्हांला तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागले. जुळवता जुळवता असे ध्यानात आले, की कामकरी माणसाच्या गालावरील खुंट हे त्याच्या दिवसाचे घड्याळच आहे. दिवसातला किती वेळ त्याचा स्वतःचा आहे, हे त्यावरून बिनचूक कळते.

आमचे लहानपण शाहू मिलच्या भोंग्यावर गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ह्या मिलची पायाभरणी केली आणि कोल्हापूरचा शेतकरी, बलुतेदार, मजूर पहिल्यांदाच घड्याळाच्या काट्याला बांधला गेला. भोंगा झाला की आई चुलीवरचे आधण उतरी आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत वडील कोटितीर्थाच्या वाटेला लागलेले असत. ते सूतखात्यात होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा डोक्यात, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तूस बसलेली असे. आम्ही पोरे त्यांना पाहून म्हणत, आबा आज म्हातारे होऊन आले. दाढीच्या खुंटांत ती तूस अशी अडके की हाताने निघत नसे. केस बारीक ठेवण्याचे तेही एक कारण होते. शिवाय यंत्राच्या पट्ट्यात झुलपे अडकली तर केसांबरोबर माणूसही जातो, हे प्रत्येक जुन्या कामगाराला ठाऊक असे.

सुट्टीचा दिवस मात्र निराळा. सकाळी दूध, मग न्हाव्याकडे नंबर. आमच्या पेठेतले न्हावी एका पत्र्याच्या खोपीत बसत. पुढे लाकडी खुर्ची, समोर पारा उडालेला आरसा, भिंतीवर नटांचे फोटो, कारण हे शहर बाबूराव पेंटरांपासून सिनेमाचे. बाकावर सात-आठ माणसे वाट पाहत असत आणि तेथेच गावाचे सारे राजकारण चाले. वडिलांचा नंबर येई तेव्हा ते डोळे मिटून मान मागे टाकीत. तुरटीचा खडा गालावरून फिरला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते आम्ही पगाराच्या दिवशीसुद्धा पाहिले नाही. घरी आल्यावर तेल लावून ऊन पाण्याने आंघोळ, मग मटणाचे जेवण आणि तासभर झोप. सहा दिवस मिलचे आणि हा एक दिवस त्यांचा. हा एक दिवस आला कोठून, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ते सांगण्यापूर्वी मिलच्या आधीच्या काळात थोडे जावे लागेल. आपल्या खेड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. खांद्याला धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नराणी आणि एक वाटी, एवढ्यावर तो घरोघर जाई. पैसा नव्हता, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. त्या धंद्याला मान नव्हता असे नव्हे. पन्हाळ्याच्या वेढ्यात १६६० साली शिवाजी महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसणारे शिवा काशीद हे नाभिक समाजाचे, आणि प्रतापगडावर महाराजांचा प्राण राखणारे जिवा महालाही त्याच समाजाचे. त्यांची आठवण म्हणींत राहिली, पण त्यांच्या भाऊबंदांची धोकटी काही सुटली नाही. वाडवडिलांनी वस्तरा धरला म्हणून मुलाने धरावयाचा, मिळेल त्या धान्यावर राहावयाचे, आणि गावाने बोलावले की जावयाचे, अशी ती व्यवस्था होती. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बलुतेदारीची पद्धत मोडली आणि ज्याला जो धंदा करावयाचा तो करण्याची मोकळीक दिली, त्याचा अर्थ ह्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

ह्या व्यवस्थेची आणखी एक बाजू होती. गावचा न्हावी सर्व गावाचा असला तरी महारवाड्याचा आणि मांगवाड्याचा नव्हता. तेथील माणसे आपली हजामत आपसांत करीत. म्हणजे कामकऱ्यांमध्येही एकाला खुर्ची होती आणि दुसऱ्याला खुर्चीजवळ उभे राहण्याचीही बंदी होती. हे आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

आता सुट्टीच्या दिवसाची हकीकत. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत यंत्र चाले आणि यंत्राबरोबर माणूस. विसाव्याचा वार ठरलेला नव्हता. एखादा सण आला तर यंत्र थांबे, आणि पुष्कळदा त्या दिवशीही यंत्र पुसण्यासाठी बोलावणे येई. ह्या माणसांची बाजू प्रथम संघटितपणे मांडली ती महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. ते ठाण्याचे, १८४८ चा जन्म. 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईहून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी ५,५०० सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत : आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई.

ह्या यादीत पगारवाढ नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या मागण्या वेळेच्या आणि शरीराच्या आहेत. माणसाने आधी श्वास घ्यावयाला जागा मागितली, भाकर नंतर. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण मानतो की रविवारची सुट्टी साहेबाच्या चर्चमुळे आली. कचेऱ्यांपुरते ते खरे असेल. गिरणीतल्या माणसाला मात्र ती साहेबाने दिलेली नाही, ती त्याने मागून आणि झगडून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि आपल्या जोतिबाचाही. तेव्हा देवालाही ती मागणी परकी नव्हती.

त्याच वर्षी लोखंड्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. त्यांनी मुंबईत न्हाव्यांची सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा ठराव त्या मंडळींनी केला. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने वस्तरा कोठे चालवावयाचा नाही हे ठरविले, म्हणजे तो बलुतेदाराचा कामगार झाला. कामगार आणि गुलाम ह्यांत आम्ही एवढाच फरक मानतो. एकाला 'हे काम मी करणार नाही' असे म्हणता येते, दुसऱ्याला येत नाही.

कायदे मागाहून आले, आणि सावकाश आले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांच्या पोराला नऊ तास काम करण्यास त्याची हरकत नव्हती. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आली, स्त्रियांना ११ तासांची मर्यादा आली, पण प्रौढ पुरुषाच्या तासांना हात लागला नाही. तो लागला १९११ साली, आणि तोही कापड गिरण्यांपुरता, दिवसाला १२ तास. १९२२ साली ११ तास, १९३४ साली १० तास, १९४६ साली ९ तास आणि आठवड्याला ४८. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ सालीच आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरविला होता, परंतु हिंदुस्थानासाठी त्याच ठरावात वेगळे कलम घालून ६० तासांची सवलत मालकांना ठेवली होती. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली जे मिळवले ते आमच्याकडे येण्यास नव्वद वर्षे लागली. आणि कोल्हापूर तर संस्थान. ब्रिटिश मुलखातला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यानंतर येथील कामगार मुंबईच्या कामगाराच्या ओळीत उभा राहिला.

कायद्याच्या ह्या पायऱ्या कामगाराच्या चेहऱ्यावरही उमटल्या. बारा तास यंत्रावर आणि दोन तास वाटेत घालविणारा माणूस दाढी केव्हा करणार? दिव्याच्या उजेडात वस्तरा चालत नाही. म्हणून आठवड्याला एक हजामत हा त्या काळचा नियम झाला. शनिवारी नको, अमावास्येला नको हे शास्त्र ज्यांना सात दिवस मोकळे होते त्यांच्यासाठी. गिरणीवाल्याला एकच दिवस होता, आणि त्या दिवशी अमावास्या असली तरी तो खुर्चीत बसे.

वस्तऱ्याचे राज्य मोडले ते पात्याने. अमेरिकेत जिलेट नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून फेकून देण्याच्या पात्याची सुरक्षित दाढीयंत्रे विकावयास आरंभ केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ती आपल्या शिपायांना वाटली आणि लढाईहून परतलेले लक्षावधी पुरुष घरीच दाढी करू लागले. ते लोण आपल्याकडे हळूहळू आले. आमच्या घरी दाढीयंत्र आले ते वडिलांच्या चाळिशीत. एक पाते ते महिनाभर पुरवीत. बोथट झाले की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूस घासून त्याला धार आणीत. अगदीच निकामी झाले की आई त्याने शिवण उसवी, आम्ही पेन्सिलीला टोक काढीत असू. वडील आता आठवड्यातून तीनदा दाढी करू लागले. आम्ही तेव्हा समजलो की पात्याने हा फरक केला. आज कळते, की पात्यापेक्षा पाळी आठ तासांची झाली होती, हे त्याचे खरे कारण. पाते बाजारात होतेच. आरशापुढे उभे राहण्यास लागणारी दहा मिनिटे नव्हती.

आता त्या खुर्चीच्या प्रश्नाकडे येऊ. कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ते संस्थानच्या नोकरीत होते. पाण्याच्या हौदाला हात लावल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी अपराध्यांना शासन केलेच, पण गंगारामांना स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले, आणि गावातले उच्चवर्णीय तेथे येईनात तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. ही गोष्ट आपण महाराजांच्या थोरपणाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. परंतु तीत दुसरीही एक गोष्ट आहे. चहाचा पेला, न्हाव्याची खुर्ची, हौदाचे पाणी, ह्याच ठिकाणी रोजचा माणूस रोज माणूस ठरतो किंवा ठरत नाही. मोठे हक्क कागदावर असतात. लहान हक्क दुकानाच्या दारात असतात.

घटना समितीत १९४८ च्या नोव्हेंबरात दुकानांविषयीच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा सभासदांनी नेमका हाच प्रश्न विचारला : 'दुकान' ह्या शब्दात हजामतीचे दुकान, धोब्याचे दुकान येते काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कोणी येणाऱ्याजाणाऱ्यास आपली सेवा देण्यास बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालय हा शब्द स्पष्ट घातला गेला. देशाच्या कायद्याला न्हाव्याच्या खुर्चीचे नाव घ्यावे लागले, ह्यावरून तिचे महत्त्व ओळखा. आमच्या तरुणपणी संघटनेच्या कामासाठी आम्ही खेड्यांत फिरलो तेव्हा ह्या कायद्याला पस्तीस-चाळीस वर्षे झाली होती. तरी एका गावात आमचा एक सहकारी, उत्तम कुशल मोल्डर, दर पंधरा दिवसांनी केस कापण्यासाठी एस.टी.चे तिकीट काढून कोल्हापूरला येई. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "इथं खुर्चीत बसल्यावर कोण माझं आडनाव विचारत नाही." शहर माणसाला काय देते असा प्रश्न निघाला की आम्हांला तो आठवतो.

कामगाराच्या आंघोळीकडे वळू. सूतखात्यातली तूस निदान पांढरी होती. आम्ही ज्या धंद्यात गेलो तो ओतकामाचा. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत कोल्हापूरच्या फौंड्रीचे नाव देशात आहे. येथले ओतीव भाग पंपांत, ट्रॅक्टरांत, मोटारींत बसतात. पण फौंड्रीतून बाहेर पडणारा माणूस काळ्या वाळूने, कोळशाच्या पुडीने आणि घामाने असा माखलेला असतो, की एस.टी.त शेजारची जागा रिकामी असूनही कोणी बसत नाही. हात धुवावयाचे म्हणजे रॉकेलचा बोळा आणि लाकडाचा भुसा. कातडी निघे, काळेपणा निघत नसे. इंग्लंडात खाणकामगारांसाठी १९२६ च्या कायद्याने खाणींच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधावयास निधी उभा केला होता. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्यात, ४२ व्या कलमात, धुण्याची पुरेशी सोय कामगाराला दिली पाहिजे असे लिहिलेले होते. त्या कलमाचा उपयोग करण्याचा प्रसंग आमच्यावर आला.

एका कारखान्यात मागणीपत्र देताना आम्ही पगार, भत्ता, रजा ह्यांच्या खाली शेवटची ओळ लिहिली : सहा नळ, ऊन पाणी, महिन्याला एक साबणाची वडी आणि एक पंचा. वाटाघाटीच्या टेबलावर पलीकडच्या साहेबांनी बाकीची कलमे गंभीरपणे वाचली आणि ह्या ओळीवर ते हसले. म्हणाले, "पगाराचं समजू शकतो. साबण कशाला? लग्नाला जायचंय काय?" आमच्या बाजूला एक म्हातारे मोल्डर बसले होते. ते सहसा बोलत नसत. ते म्हणाले, "लग्नाला नाही साहेब, घरी जायचंय. नातू जवळ येत नाही."

टेबलावर कोणी काही बोलले नाही. सहा नळ मिळाले, पण त्यासाठी सात महिने गेले, आणि पगाराची रक्कम ठरली तरी ही ओळ मागे राहिली होती. खरे सांगावयाचे तर मधल्या काळात आम्हीच ती सोडून देण्यास निघालो होतो. आमच्या मनाने हिशेब केला की साबणाच्या वडीसाठी करार अडवू नये. ह्या हिशेबाची आम्हांला आजही लाज वाटते. कामगारांनीच आम्हांला अडवले. नळ सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर एक आरसा टांगलेला होता. तो मागणीपत्रात नव्हता. पोरांनी वर्गणी काढून आणला होता. पाळी सुटल्यावर वीस-पंचवीस वर्षांची पोरे त्यापुढे ओळ करून भांग पाडीत होती.

आता हिरवळ. फलकावर हिरवळ कशासाठी, असे आपल्यास वाटले असेल. आमचे मामा एका बंगल्यावर माळी होते. घरापुढच्या हिरवळीचे काम म्हणजे काय हे आम्ही त्यांच्याजवळ पाहिले. उकिडवे बसून, हातात खुरपे घेऊन, हरळीत उगवलेले वेगळे पान वीतवीत निवडावयाचे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावयाचे. यंत्र ढकलून गवत बोटभर ठेवावयाचे. मामांच्या आळीत एका नळावर वीस घागरींची ओळ असे आणि बंगल्याच्या गवताला मात्र रबरी नळीने पाणी. त्या हिरवळीवर मामा तीस वर्षे वावरले, पण त्यावर टेकून बसलेले आम्ही त्यांना कधी पाहिले नाही. भाकरी ते कुंपणाबाहेर आंब्याखाली खात.

गवत कापण्याच्या त्या यंत्राची जन्मकथा आम्ही पुढे वाचली. इंग्लंडात श्रीमंतांच्या हिरवळी पूर्वी मजूर विळ्यांनी कापीत, पहाटे, दव असताना, कारण ओले गवत नीट कापले जाते. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड ह्या लोकरी कापडाच्या गावी एडविन बडिंग नावाचा यंत्रकारागीर होता. कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले आणि तेच गवतावर चालवले तर, असे त्याच्या मनात आले. १८३० साली त्याने त्याचे पेटंट घेतले. म्हणजे हिरवळीचे यंत्र हे कापड गिरणीचेच अपत्य! वडील सूतखात्यात आणि मामा हिरवळीवर, दोघे एकाच घराण्याच्या यंत्रामागे चालत होते. एकाने तयार केलेले कापड आणि दुसऱ्याने राखलेली हिरवळ, दोन्ही दुसऱ्याच्या अंगाखाली.

मामांच्या घरी अंगण नव्हते. उंबऱ्यापाशी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तुळस, फुटक्या घागरीत मोगरा आणि गोडेतेलाच्या डब्यात पुदिना. बंगल्यावरून दमून आल्यावर ते त्या तीन झाडांची निगा राखीत. आम्ही एकदा विचारले, दिवसभर तेच करून कंटाळा येत नाही काय? ते म्हणाले, "ते काम, ही हौस." कामाचा वेळ आणि आपला वेळ ह्यांतील फरक ह्याहून सोप्या शब्दांत आम्हांला कोणी सांगितला नाही. सुट्टीच्या दिवशी ते आम्हांला टाऊन हॉलच्या बागेत नेत. तेथे चिरमुऱ्यांचा पुडा सोडून ते पाय पसरून बसत, आणि बसताना हाताने गवत चाचपून पाहत. सार्वजनिक बाग ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे गवत राखले त्याला टेकावयास मिळालेली ती पहिली हिरवळ होती.

ह्या सर्वांत ज्याच्या हाताखालून आम्ही सारे गेलो त्याला विसरून चालणार नाही. गावाची सुट्टी हा न्हाव्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. आपण रविवारी बाकावर बसून पेपर वाचतो तेव्हा तो सकाळी सहापासून उभा असतो. पायांच्या शिरा फुगतात, खांदा धरतो. म्हणून त्याची सुट्टी वेगळी. आपल्याकडे बहुतेक केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानातल्या नोकरालाही साप्ताहिक सुट्टी दिली, पण २०१७ च्या नव्या कायद्याने बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या ठेवल्या. दोन खुर्च्यांच्या दुकानात रोजावर काम करणारा मुलगा त्या आकड्यात कधीच बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मार्चपासून जूनअखेरपर्यंत राज्यातील केशकर्तनालये बंद होती. २८ जूनपासून केस कापण्यास परवानगी मिळाली, दाढीला मात्र नाही. त्या तीन महिन्यांत मोठमोठ्या लोकांनी घरी एकमेकांचे केस कापून फजिती करून घेतली आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले. खुर्ची रिकामी ठेवून घरी बसलेल्या माणसाने ते दिवस कशावर काढले, हे विचारणारे थोडे होते.

शाहू मिलचा भोंगा आता वाजत नाही. मिल बंद पडली, वडीलही गेले. आमची माणसे आज शिरोलीत, कागलच्या वसाहतीत, इचलकरंजीच्या मागांवर आहेत. इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. त्या गावात कायदा आठ तासांचा झाला तरी बारा तासांच्या दोन पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आणि आता कायदाच बाराकडे वळतो आहे. कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला जादा मोबदला आहे, कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे, असे सांगितले जाते. हे सर्व खरे धरून आम्ही हिशेब करतो. बारा तास काम, पन्हाळ्याच्या किंवा करवीरच्या खेड्यातून येण्याजाण्याचे दोन तास, झोपेचे आठ. उरले दोन. त्या दोन तासांत आंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास, आजारी आई, मोगऱ्याला पाणी आणि दाढी. १९११ सालचा गिरणी कामगार हा हिशेब ऐकून म्हणेल, हे तर आमचेच दिवस!

पगाराचा आकडा कागदावर दिसतो, म्हणून त्यासाठी लढणे सोपे असते. वेळ दिसत नाही. तो गेल्याचे कळते तेव्हा माणूस नातवाला परका झालेला असतो. म्हणून आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, की मागणीपत्रातली शेवटची ओळ सोडू नका. आम्ही सोडणार होतो.

श्रोतेहो, हे व्याख्यान संध्याकाळचे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा गिरणीतला माणूस दिवे लागेपर्यंत यंत्रापुढे होता; असे भाषण ऐकावयास येणे त्याला शक्यच नव्हते. आज मागच्या रांगांत आम्हांला पाळी सुटून आलेले काही चेहरे दिसत आहेत, धुतलेले, भांग पाडलेले. त्यांना आम्ही ओळखतो. त्यांनी येथे यावयास लागणारा एक तास कोणी मागितला, कोणी झगडून मिळवला, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते. तो तास राखणे आता आपल्या सर्वांकडे आहे.